तळटीप : ‘थाळी वाजवली, पोर दचकलं’

* मेहकर, लोणारकडच्या खेड्यांत बाळाला ऐकू येतं का, हे थाळी वाजवून पाहत. ही पारख फसवी आहे. थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, हात हललेला डोळ्यांना दिसतो. शिवाय मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी निसटू शकतात. मग घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला होता. त्यात दोन-तीन वर्षं जातात, आणि भाषा रुजण्याची वर्षं नेमकी तीच असतात.

निरोगी कान स्वतःही अतिशय सूक्ष्म ध्वनी परत पाठवतो, हे डेव्हिड केंप यांनी 1978 साली लंडनमध्ये दाखवलं. नवजात बाळाची ‘ओएई’ चाचणी त्यावरच उभी आहे : झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी, काही मिनिटांचं काम. शंका उरली तर ‘बेरा’ ही पुढची श्रवणचाचणी. सहा महिन्यांच्या आत दोष कळून उपचार सुरू झालेल्या मुलांची भाषा पुढे सरस राहते, हे कोलोरॅडोतल्या 1998च्या अभ्यासातून पुढे आलं. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून सुरू झाला. जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, असं त्यात ठरलेलं आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल, तर त्यांनी थाळीवर विसंबू नये. ‘ओएई’ करून घ्यावी. — संपा.