दिनविशेष, २८ जानेवारी : बर्फावर धावलेली मर्सिडीज
१९३८ : फ्रँकफर्ट-डार्मस्टाट महामार्गावर रुडॉल्फ काराचिओला यांनी मर्सिडीज-बेंझची विक्रमासाठी घडवलेली डब्ल्यू १२५ मोटार ताशी ४३२.७ किलोमीटर वेगाने पळवली. तिचे बारा सिलिंडरचे, ७३६ अश्वशक्तीचे इंजिन आजच्या कित्येक सुपरकारना लाजवेल. गंमत म्हणजे तिला रेडिएटर नव्हता! समोरून आत शिरणारी हवा वेग खाते, म्हणून इंजिन थंड ठेवायला बर्फ-पाण्याची पेटी बसवली होती. काही मिनिटांच्या धावेला तेवढी पुरे. दुपार व्हायच्या आत हा विक्रम मोडायला निघालेल्या ऑटो युनियनच्या बर्न्ड रोझमायर यांची गाडी भरकटली आणि अवघ्या २८व्या वर्षी ते गेले. वारा सुटलेला असताना ही जिद्द नडलीच. सार्वजनिक रस्त्यावरचा काराचिओलांचा विक्रम मात्र २०१७पर्यंत टिकला.