सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट ही चरणजित सिंग यांची वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका असून ती इ.स. १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने (एचएमव्ही) प्रकाशित केली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या सिंग यांनी तीत भैरवी, ललत, यमन, मालकंस आदी दहा राग रोलँड या जपानी कंपनीच्या वाद्यांवर वाजवले: सुरावटीसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३.

यांपैकी टीआर-८०८ जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या टेक्नो-पॉप गटाने आरंभीच वापरले होते. टीबी-३०३ हे मुळात बासची साथ देणारे यंत्र. खप नसल्याने १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. शिकागोतील फ्यूचर या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स'नंतर (१९८७) मात्र त्याचा ध्वनी ॲसिड हाऊस शैलीची ओळख ठरला.

२०१० मध्ये पुनःप्रकाशन झाल्यावर सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेस 'पहिले ॲसिड हाऊस' म्हटले जाऊ लागले. कालक्रम या दाव्यास अनुकूल आहे. तथापि शिकागोच्या संगीतावर तिचा प्रभाव पडल्याचे दिसत नाही. साम्याचे मूळ बहुधा यंत्रातच असावे: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची टीबी-३०३ मधील सोय रागसंगीतातील मींडेच्या जवळ जाते. सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.