मगरीचा जबडा आणि अकरा टक्के

माझे मामा अडकित्ता डाव्या हातात धरतात. उजव्या हाताच्या तर्जनीला एकच पेर आहे. वरची दोन पेरं जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये राहिली. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, तुमचं बोट कुठं गेलं?" ते म्हणायचे, "मगरीनं खाल्लं." जालन्यात मगर कुठून आली, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की मामा थापा मारत नव्हते. सळया, अँगल आणि भंगार कापणाऱ्या त्या यंत्राचं नावच अ‍ॅलिगेटर शिअर आहे. इंग्लंडमध्ये त्यालाच क्रोकोडाइल शिअर म्हणतात. बाजूनं पाहिलं की नाव पटतं: खालचा जबडा जमिनीला पक्का, वरचा बिजागरीवर उघडझाप करणारा, आणि मागे लांब शेपटी.

अडकित्ता हाताळलेल्याला हे यंत्र समजायला वेळ लागत नाही. सुपारी टणक असेल तर आपण ती बिजागरीजवळ सरकवतो, कारण तिथे जोर जास्त मिळतो. जाड सळईचंही तसंच. फरक एवढाच की इथे बिजागरी मध्ये असते. शेपटीखाली एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती, फिरत राहते. ती शेपटी वर ढकलते आणि पुढचा जबडा खाली येतो. शेपटी लांब आणि जबडा आखूड, त्यामुळे जोर कित्येक पटींनी वाढतो.

धोकाही याच रचनेत आहे. कात्रीनं जाड तार कापून पाहा, ती तोंडाकडे निसटते. गोल सळईही तशीच बाहेर सरकते. मग कामगार ती आत रेटतो आणि हात जबड्याच्या जवळ जातो. शिवाय कापताना सळईचं त्याच्या हातातलं टोक वर उसळतं. सळई दाबून धरणारा क्लॅम्प त्यासाठीच असतो, पण दर वेळी तो जुळवण्यात वेळ जातो.

हे यंत्र लोखंडाच्या इतिहासात का आलं, ते पाहायला इंग्लंडमध्ये जावं लागतं. हेन्री कॉर्टनं १७८३ आणि १७८४ मध्ये दोन पेटंटं घेतली. एक होतं खाचा पाडलेल्या रोलमधून लोखंड लाटण्याचं, दुसरं 'पडलिंग'चं. पडलिंगमध्ये भट्टीतलं वितळलेलं लोखंड लांब दांड्यानं ढवळतात. कार्बन जळून जातो आणि घडीव लोखंडाचा गोळा उरतो. गोळा ठोकून, लाटून पट्टी निघते, पण ती ओबडधोबड आणि मळीनं भरलेली असते. म्हणून तिचे तुकडे करायचे, तुकड्यांची चळत रचायची, ती पांढरीफटक होईपर्यंत तापवायची आणि पुन्हा लाटायची. मळी बारीक धाग्यांसारखी पसरते आणि लोखंड चिवट होतं. इंग्लंडच्या बाजारात या मालाच्या प्रती होत्या: बेस्ट, बेस्ट बेस्ट आणि बेस्ट बेस्ट बेस्ट. साधारणपणे जितक्या वेळा चळत रचून लाटलं, तितके 'बेस्ट'.

म्हणजे प्रत्येक वाढीव 'बेस्ट'साठी लोखंड आणखी एकदा मगरीच्या जबड्यातून जायचं. इतिहासाच्या पुस्तकांत भट्टी असते, रोल असतात, कॉर्ट असतो. मधली कात्री क्वचितच दिसते. १८८९ मध्ये पूर्ण झालेला आयफेल टॉवर पोलादाचा नाही, पडलिंगच्या लोखंडाचा आहे. त्या काळातल्या अशा लोखंडामागे कापायला उभी असलेली माणसंही होती.

जुन्या यंत्रात एक्सेंट्रिक मिलच्या शाफ्टवरून चालायचं. शाफ्ट फिरतोय तोवर जबड्याची उघडझाप चालू. समोर सळई आहे, हात आहे की काहीच नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी कोड लिहितो, त्यामुळे मला यात थांबण्याची अट नसलेला लूप दिसतो. कोडमध्ये असा लूप राहिला तर सर्व्हर अडकतो आणि आम्ही तो रीस्टार्ट करतो.

१८५६ मध्ये बेसेमरनं स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली आणि पुढच्या काही दशकांत पडलिंग मागे पडलं. मगर मात्र टिकली. ती भंगाराकडे वळली. जालन्यासारख्या गावात भंगार वितळवून सळया बनतात. ते भट्टीच्या तोंडात मावायचं तर आधी कापायला हवं.

बोटं तुटणं हा नशिबाचा नाही, हिशोबाचा प्रश्न आहे, हे कायद्याला उशिरा कळलं. ब्रिटनच्या १८४४ च्या कायद्यानं यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं, पण ते कापड गिरण्यांपुरतं. भारतात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला ठाऊक असते. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. मधे ३९ वर्षं गेली.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के कमी झाली असं धरायचं, त्याची यादी. दुरुस्त्यांनंतरच्या यादीत पूर्ण तर्जनी १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९. हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. करंगळी पूर्ण गेली तरी ७. या टक्क्यांना पगार आणि वयाचा हिशोब जोडून रक्कम ठरायची.

मागच्या दिवाळीत मी ही यादी मामांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोट सरकवत आकडा शोधला. "अकरा," ते म्हणाले. मिलनं दवाखान्याचं बिल भरलं होतं, दोन महिन्यांचा पगार दिला होता आणि एका कागदावर सही घेतली होती. असा कायदा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने कायदा १९४८ चा. त्याच्या २१ व्या कलमात यंत्राचे धोकादायक भाग चालू असताना संरक्षक आडोसा जागेवरच हवा असं लिहिलं होतं. मामांच्या मशीनचा आडोसा भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. तो लावला की सळया हळू जायच्या.

आता हायड्रॉलिक शिअर मिळतात. पेडल दाबलं की जबडा खाली येतो, पाय काढला की थांबतो. "मग तुमच्या वेळी मशीन थांबवता येत नव्हतं का?" मी विचारलं.

"येत होतं की," मामा म्हणाले. "क्लच होता. पण तो सोडला की सुपरवायझर बघायचा."

मग त्यांनी अडकित्ता डाव्या हातात घेतला आणि सुपारी बिजागरीजवळ सरकवली.