गोळीबाराच्या रिकाम्या पुंगळ्या आणि घरात येणारे शिसे

तुमच्या घरात कोणी पोलीस, राज्य राखीव पोलीस दल किंवा होमगार्डमध्ये असेल, बँकेचा बंदूकधारी सुरक्षारक्षक असेल किंवा मुलगा-मुलगी एनसीसीत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. परभणी जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. शेजारी हिंगोलीला राज्य राखीव दलाचा गट क्र. 12 आहे, जालन्याला गट क्र. 3. गोळीबाराच्या सरावात रायफलीतून बाहेर पडणारी रिकामी पितळी पुंगळी निरुपद्रवी वाटते. पण तिच्यावर शिशाची बारीक धूळ असते आणि ती हातांवरून, कपड्यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचू शकते.

पुंगळीवर शिसे कुठून येते?

पुंगळी स्वतः पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्ताची असते. शिसे येते दोन ठिकाणांहून. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत ठिणगी पाडणारे रसायन असते, त्यात बहुधा शिशाचे संयुग असते. दुसरे म्हणजे गोळीचा गाभा शिशाचा असतो. बार उडताना दोन्हींचा थोडा अंश धूर आणि धूळ होऊन बाहेर पडतो.

एस.एल.आर. ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल. प्रत्येक गोळीनंतर ती आपोआप उघडते आणि गरम पुंगळी धुरासकट बाजूला फेकते. सरावानंतर पुंगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून कोणी त्या टोपीत किंवा कापडात झेलतो, कोणी मातीतून वेचतो. हे काम टळणारे नाही. मात्र ज्याने एकही गोळी झाडलेली नाही, फक्त पुंगळ्या गोळा केल्या, त्याच्याही हाताला शिसे लागलेले असते, हे लक्षात ठेवा.

सर्वांत घातक सवय

तंबाखू. पुंगळ्या वेचून झाल्या की झाडाखाली बसायचे, तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि ओठात धरायचा. म्हणजे तळहातावरचे शिसे आपणच तोंडात ठेवले. विडी-सिगारेट, शेंगदाणे, डब्यातली भाकरी यांचेही तसेच. आमच्याकडे उन्हाळ्यात मैदानावर प्यायलाच पाणी पुरत नाही, हात कुठून धुणार, हे मला कळते. म्हणून हात धुण्यासाठी पाण्याचा एक कॅन आणि साबणाची वडी वेगळी न्या. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. त्याने जंतू मरतात, शिसे जागेवर राहते.

घरी काय होते?

आठवण म्हणून आणलेली पुंगळी मुलांच्या हाती पडते. ती ओठांना लावून फुंकली की छान शिट्टी वाजते, आणि मुले हेच करतात. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली पुंगळी तान्ह्या बाळाच्या तोंडात जाते. असे होऊ देऊ नका; शिवाय सरकारी पुंगळी घरी आणायचीच नसते. छऱ्याच्या बंदुकीचे छरेही बहुधा शिशाचेच असतात, तेही मुलांच्या हाती देऊ नका.

सरावाचा गणवेश घरात झटकू नका. तो वेगळा भिजवून धुवा, बूट दाराबाहेर ठेवा, अंघोळ करून मगच मुलांना जवळ घ्या. खोलीत धूळ आली असेल तर झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. घरात गर्भवती असेल तर हा गणवेश तिला धुवायला देऊ नका. शिसे नाळेतून गर्भापर्यंत जाते.

पुंगळ्या पुन्हा भरणे

अमेरिकेत काही हौशी नेमबाज घरीच पुंगळ्या साफ करून त्यांत नवी टोपी, दारू आणि गोळी भरतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाला हा छंद असेल, तर धोका मुख्यतः सफाईचा आहे. पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवणाऱ्या यंत्राची धूळ शिशाने भरलेली असते. ते यंत्र स्वयंपाकघरात किंवा मुले खेळतात तिथे कधीही चालवू नये. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे.

शिशाने काय होते?

मोठ्यांमध्ये पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, रक्तक्षय. दीर्घकाळात रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडाची हानी, पुरुषांत शुक्राणू कमी होणे. मुलांत बुद्धीची वाढ, लक्ष आणि वागणूक यांवर परिणाम होतो. बऱ्याचदा लक्षणे काहीच नसतात, म्हणूनच तपासणी लागते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाचपट शिसे शोषू शकते. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते.

तपासणी आणि उपचार

तपासणीचे नाव ‘ब्लड लेड लेव्हल’. शिरेतून रक्त घेतात. प्रत्येक लॅबमध्ये ती होत नाही, आधी फोन करून विचारा, आणि सरावावरून थेट जाऊ नका. त्वचेवरच्या धुळीने अहवाल चुकू शकतो. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवायला हवे.

बहुतेकांना औषध लागत नाही, स्रोत बंद केला की पातळी उतरते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात साधारण निम्मे होते. हाडांत साठलेले मात्र वर्षानुवर्षे राहते. 10 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये पातळी 45 किंवा जास्त असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. ती रुग्णालयातल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. ‘रक्तशुद्धी’ची भस्मे घेऊ नका, नागभस्म हे तर शिशाचेच असते.

डॉक्टरांकडे गेलात की नोकरी, सराव किती वेळा होतो, घरात मुले आहेत का, हे आपणहून सांगा. पोटदुखीच्या रुग्णाला गोळीबाराबद्दल विचारायचे आम्हालाही सुचत नाही.

भाजणे, डोळे, कान

झेलताना किंवा कॉलरमधून आत गेलेल्या पुंगळीने भाजले तर रायफलीची नळी लक्ष्याकडेच ठेवा, पुंगळी नंतर काढा. भाजलेली जागा 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद लावू नका. डोळ्याला पुंगळी लागली आणि दिसायला अंधुक झाले किंवा रक्त दिसले, तर डोळा चोळू नका, धुऊ नका. त्यावर दाब न देता कागदी कप ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. सरावानंतर दुसऱ्या दिवशीही कानात आवाज येत असेल तर कान तपासून घ्या.

भंगारात काम करणाऱ्यांसाठी

पितळाच्या ढिगात न उडालेले काडतूसही असू शकते. पुंगळ्या तापवू नका, ठोकू नका. वितळवताना जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो मलेरिया समजला जातो. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात 6 जणांचा जीव गेला. ढिगात जिवंत काडतूस किंवा बॉम्बसारखी वस्तू दिसली तर हात लावू नका, लांब जा आणि 112 वर कळवा. कोणी जखमी असेल तर 108 ला फोन करा.