पळसावरचे पाहुणे जातात कुठे?

फाल्गुन सरत आला आहे. औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरणाकडे जाताना, उजाडताच एखाद्या फुललेल्या पळसावर एकच कलकलाट ऐकू येतो. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपूट काळे. ही भोरडी. पळसाच्या दिवसांत दिसते म्हणून कोणी तिला पळसमैनाही म्हणतात. एप्रिलचा मध्य उलटला की हे थवे दिसेनासे होतात. जलाशयावरची पाहुणी बदके त्याच सुमारास निघून जातात. मग वर्गात प्रश्न येतो, "गुरुजी, ही पाखरं जातात कुठे?"

या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की, काही भिंगऱ्या थंडीत बिळांमध्ये पिसांवाचून पडून राहतात. युरोपात ही समजूत शतकानुशतके टिकली. आपल्याकडे कालिदासाच्या मेघदूतातले राजहंस पावसाळ्याच्या सुरुवातीला मानस सरोवराकडे निघतात. दिशा बरोबर होती, पण ते काव्य होते, पुरावा नव्हे. 1822 साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा बाण आरपार अडकलेला होता. बाणासह तो हजारो किलोमीटर उडून आला होता! पक्षी बिळात झोपत नाहीत, दूरदेशी जातात, याचा हा ढळढळीत पुरावा ठरला.

पण असे बाण रोज थोडेच मिळणार? पद्धतशीर उपाय शोधला तो डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचे नाव हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन. 1890 मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड झाली. मग 1899 मध्ये त्यांनी दीडशेहून अधिक सारिकांच्या पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरलेले होते. ही सारिका म्हणजे आपल्या भोरडीची चुलत बहीणच. ज्याला कडे सापडेल त्याने कळवायचे, एवढ्यावर सारी पद्धत उभी होती. म्हणजे अर्धे संशोधन शिक्षकाचे आणि अर्धे अनोळखी माणसाच्या पत्राचे.

भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलात माकडताप आढळला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूसारखा दिसल्याने पाहुण्या पक्ष्यांवर संशय गेला. 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. पक्ष्यांवरचा आळ सिद्ध झाला नाही, पण त्यांचे मार्ग मात्र उलगडत गेले. त्याआधी, 1931-32 मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. हिंगोली तेव्हा त्याच संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. तेव्हा पूर्णेवर ना येलदरी धरण होते, ना सिद्धेश्वर. आज बदके जिथे उतरतात ते पाणी त्यानंतरचे आहे. जिल्ह्याचा पक्षी-इतिहास माणसानेही घडवला आहे, तो असा.

आता भोरडीकडे वळू. ती जाते मध्य आशियात आणि थेट आग्नेय युरोपापर्यंत. मे-जूनमध्ये, टोळ भरपूर असतात तिथे, दगडांच्या ढिगाऱ्यांत हजारोंच्या वसाहतीने घरटी करते आणि पिलांना टोळ भरवते. चीनच्या शिनच्यांग प्रांतात तिने यावे म्हणून मुद्दाम दगडविटांचे ढिगारे रचतात. जुलै-ऑगस्टपासून ती आपल्याकडे परतू लागते. इथे मात्र ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर चढून गोफण फिरवतो. तिकडची राखणदार, इकडची चोर! आणि त्याचे नुकसान खोटे नसते. थवा बसला की कणसे रिकामी होतात. पक्षी एकच, पण त्याचा हिशेब एका गावच्या बांधावर पुरा होत नाही. स्थलांतराच्या अभ्यासाने आपल्याला शिकवले ते हे.

आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि हळद वाढली आहे. त्याचा भोरडीवर काय परिणाम होईल? हे सांगायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. 2007 मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंट वॉच' या उपक्रमाने लोकांकडून नेमके हेच मागितले : पाहुणा पक्षी पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटी कधी?

शाळेत यासाठी दुर्बीणही लागत नाही. एक वही घ्या. भोरडी दिसल्याची पहिली तारीख, शेवटची तारीख, झाड, पीक, थव्याचा अंदाज एवढेच मुलांना लिहू द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच वहीत पुढचे पान भरावे. मॉर्टेन्सन मास्तरांकडेही सुरुवातीला धातूची काही कडी आणि एक वहीच होती.