चित्र येते, आवाज येत नाही: दोष कुठे शोधावा?

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, चित्र स्वच्छ उमटले, पण आवाज लॅपटॉपच्याच बारीक स्पीकरमधून येत राहिला. अंधेरी-बोरिवलीतल्या वन बीएचकेपासून मुलुंड-घाटकोपरच्या सोसायटी हॉलपर्यंत ही तक्रार सर्रास ऐकू येते. पहिला उपायही ठरलेला: केबल बदला. माझ्या मते हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याचे कारण केबलच्या आतच आहे.

एचडीएमआय हे मानक डिसेंबर 2002 मध्ये आले. त्यात आवाजासाठी वेगळी तार नाही. फुल एचडी चित्राच्या एका ओळीत दिसणारे बिंदू 1920 असतात, पण ती ओळ पाठवायला 2200 बिंदूंइतका वेळ दिलेला असतो. उरलेल्या 280 बिंदूंच्या वेळात पडद्यावर काहीच उमटत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत एक ओळ संपली की इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यावा, म्हणून हा अवकाश ठेवलेला असे. सपाट पडद्याला त्याची गरज उरली नाही. एचडीएमआयने त्याच मोकळ्या वेळात आवाजाची माहिती बसवली. म्हणजे चित्र आणि आवाज त्याच तारांमधून जातात. चित्र न लुकलुकता येत असेल, तर तारेवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. अडचण असते ती आवाज पाठवायचा की नाही आणि कोणत्या रूपात, या निर्णयात.

हा निर्णय कॉम्प्युटर घेतो तो टीव्हीला विचारून. जोडणी होताच टीव्ही आपली ओळख कळवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा पहिला 128 बाइटचा भाग मुख्यतः चित्राविषयी असतो, आवाजाची क्षमता पुढच्या जोडभागात लिहिलेली असते. मध्ये एखादा स्वस्त स्प्लिटर किंवा ॲडॉप्टर असला आणि हा जोडभाग वाचलाच गेला नाही, तर कॉम्प्युटर टीव्हीला निव्वळ मॉनिटर समजतो आणि आवाज पाठवतच नाही. म्हणून निदानाचा खरा प्रश्न एकच: आवाजाच्या साधनांच्या यादीत टीव्हीचे नाव दिसते का? विंडोज 11 मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणे एकत्र दाबली की यादी समोर येते.

नाव दिसत असेल तर ते निवडावे. बहुसंख्य तक्रारी इथेच मिटतात. आधीपासून चालू असलेला प्लेअर कधी कधी जुन्याच स्पीकरला धरून राहतो; तो बंद करून पुन्हा उघडावा. तरीही शांतता असेल तर टीव्हीचा मेनू पाहावा. पूर्वी साउंडबार जोडला असेल तर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद ठेवलेले असू शकतात. एकाच सिनेमाला आवाज नाही आणि बाकी सगळे ठीक, असे असेल तर प्लेअर डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता तसाच पुढे ढकलत असतो. प्लेअरमधला पासथ्रू बंद करून साधा दोन चॅनेलचा पीसीएम निवडावा. तो एचडीएमआयवर आवाज घेणाऱ्या प्रत्येक टीव्हीला समजावा लागतो.

नावच दिसत नसेल तर मधली सगळी ॲडॉप्टरे काढून थेट जोडावे, टीव्ही आधी चालू करावा, दुसरे पोर्ट वापरून पाहावे, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने टाकावा. एचडीएमआयच्या आवाजाचा ड्रायव्हर सहसा त्याच्याबरोबरच येतो. इतके करून झाल्यावरच नव्या केबलसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायला लोकल पकडावी.

जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी. त्यांच्यात असलेले व्हीजीए हे चित्राच्या जोडणीचे मानक 1987 चे. त्यातून आवाज जातच नाही, आणि हेडफोनच्या भोकातून टीव्हीपर्यंत वेगळी वायर टाकावी लागते. मग नवा त्रास सुरू होतो: स्पीकरमधली अखंड घरघर. वीज अंधेरीत अदानीची असो वा मुलुंडमध्ये महावितरणची, वारंवारता 50 हर्ट्झच, आणि घरघरीचा जाड सूरही तिथूनच येतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. केबलवाल्याची वायर इमारतीच्या गच्चीवरून येते आणि तिचे बाहेरचे आवरण भलत्याच ठिकाणी जमिनीला टेकलेले असू शकते. दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे आवाजाच्या वायरीतून बारीक प्रवाह वाहू लागतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, किंवा केबलची वायर सेट टॉप बॉक्समधून सोडवून पाहावी. घरघर तत्क्षणी थांबली तर निदान पक्के. अशा वेळी आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. काही जण चार्जरची अर्थिंगची पिन तोडायला सांगतात आणि घरघर खरोखर थांबतेही, पण शॉकपासून वाचवणारी तीच पिन आहे. ती कुणाच्याही सांगण्यावरून तोडू नका.