विठाबाईंच्या नावातील दोन शब्द

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर येथील गावोगावचे यात्रा-पंच येतात, ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. या परिसरात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हे दृश्य नवे नाही. तरीही वर्षानुवर्षे ‘तमाशाचे घटक स्पष्ट करा’ हाच प्रश्न आम्ही काढत आलो. गण, गौळण, बतावणी, वग असे क्रमाने लिहिले की विद्यार्थ्याला गुण मिळतात. त्यात ते घटक रंगभूमीवर जगणाऱ्या कोणा स्त्रीचे नाव यावे, अशी आमची अपेक्षा नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

ते नाव होते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. मृत्यू १५ जानेवारी २००२चा. आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे. त्यांनी फड उभा केला, आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. शाळेत विठाबाईंचे मन रमले नाही. लावणी, गौळण, भेदिक ही त्यांची बाराखडी, आणि तीही घरातच गिरवलेली. पुढे त्या स्वतःच्या नावाच्या फडाच्या धनीण झाल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणू लागले.

विठाबाई म्हटले की एकच प्रसंग सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. कळा येताच आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा खेळ थांबला आणि त्यांना सन्मानाने विश्रांतीस पाठवण्यात आले. प्रसंग विलक्षण आहे, यात शंका नाही. पण आमच्या मते तो सांगून सांगून आपण विठाबाईंच्या कलेला बगल दिली आहे. त्यांच्या सोसण्याची कथा सर्वांना पाठ असते. त्या गात कशा, सवाल-जवाबात समोरच्याला कशा गप्प करत, वगातील भूमिका कशी उभी करत, याविषयी बोलायला आमच्याकडे शब्द नसतात. वगाचे संवाद बहुधा लिहिलेले नसत. ते त्या रात्री, त्या गावच्या प्रेक्षकांना पाहून सुचत आणि पहाटे विरून जात. संहितेवर पोसलेल्या आमच्या नाट्येतिहासाच्या हाती मग दगड तेवढा उरतो.

इथे कलकत्त्याच्या बिनोदिनी दासीची आठवण येते. १८७४ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, ती रंगभूमीवर आली. गिरीशचंद्र घोषांच्या तालमीत गायिका-अभिनेत्री म्हणून कीर्तीच्या शिखरावर पोहोचली आणि पंचविशीच्या आतच निवृत्त झाली. १८८३ साली उभ्या राहिलेल्या नाट्यगृहाला तिचे नाव देण्याचा शब्द तिला मिळाला होता. प्रत्यक्षात पाटी लागली ती ‘स्टार’ची, कारण वेश्यावस्तीत जन्मलेल्या बाईचे नाव भद्र समाजाला पाटीवर सोसवणारे नव्हते. स्टारला बिनोदिनीचे नाव देण्याची घोषणा झाली २०२४च्या अखेरीस. मात्र बिनोदिनी लिहू शकत होती. १९१२ साली तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि पाटीचा तो विश्वासघात तिने स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवला.

विठाबाईंचे उलट झाले. त्यांचे नाव फलकावर होते, मोठ्या अक्षरांत होते आणि जातीसकट होते. स्वतः, वडील, जात, गाव, असा तो क्रम. नवऱ्याच्या नावाला त्यात जागाच नाही. पण लेखणी त्यांच्या हाती नव्हती. त्यांचे आयुष्य आपल्यापर्यंत पोहोचले ते योगीराज बागूल यांच्या चरित्रग्रंथातून. अखेरच्या काळात कोणी विचारपूस करणारे नव्हते आणि रुग्णालयाचे देणे लोकांच्या देणग्यांतून फिटले.

पुढे २००६पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी पुरस्कार सुरू केला : ‘विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार’. मधले दोन शब्द गळाले. ‘भाऊ’ही गेला आणि ‘मांग’ही.

याविषयी आमच्यातच एकमत नाही. काहींना वाटते, जातीचा शिक्का पुसला गेला हे बरेच झाले. सन्मानपत्रावर जात कशाला? इतरांचे म्हणणे असे की, ज्या काळात तो शब्द शिवीसारखा उच्चारला जाई त्या काळात भाऊ-बापूंनी तो फडाच्या माथ्यावर मिरवला, आणि त्याच नावाला गावोगावच्या पाटलांनी सुपाऱ्या दिल्या. तो शब्द गाळला की हे दोन पिढ्यांचे धाडस इतिहासातून जाते. उरते ती कोठूनही आलेली एक ‘सम्राज्ञी’. आमचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. तथापि, ज्यांना त्या शब्दाने रोज पोळले आहे त्यांनी तो नको म्हटले तर आम्ही प्राध्यापकांनी आग्रह धरावा का, याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आईची गादी पुढे चालवली, स्वतःचा फड काढला. त्यांच्या नावापुढे गाव येते ते करवडी. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये त्यांचाही फलक लागत आला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत वाचायला मिळते : मंगला बनसोडे करवडीकर.